पडघ्याच्या दवाखान्यात

आमच्या ऑफिसात माझ्या कामाला ‘क्षमता बांधणी’ म्हणतात. धामणकर नाक्याजवळच्या एका गल्लीतल्या खोलीत मी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला, तेव्हा समोर बसलेली ताई हसायला लागली.

“बांधायला ती काय म्हस हाय का, सर? सुटली तर पलून जाईल?”

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही ओठ मिटून हसलो, पण मला ते आवडलं नव्हतं. समाजकार्याची पदवी घेतलेला मी आमच्या घरातला पहिलाच, आणि त्या शब्दावर कुणी हसलेलं मला चालायचं नाही.

काम असं होतं. भिवंडीत लहान लहान संस्था पुष्कळ. एक भाड्याची खोली, एक पाटी, दोन-चार बायका. शिवणवर्ग चालवायचा, रेशनकार्डाच्या खेपा घालायच्या, मार खाऊन आलेल्या बाईबरोबर पोलीस चौकीत जायचं. अशा दारात मन बिघडलेली माणसंही येतात, कारण त्यांना दुसरं दार नसतं. ती रडतात, किंवा नुसती बसून राहतात, आणि संस्थेतल्या बायकांना कळत नाही की आता काय करायचं. ते शिकवायला ठाण्याचं आमचं ऑफिस मला पाठवायचं. माणूस ओळखायचा कसा, त्याचं ऐकायचं कसं, डॉक्टरकडे न्यायचं कधी, आणि गोळ्या सुरू झाल्यावर त्याच्या मागे उभं राहायचं कसं. मी भिवंडीचाच, म्हणून भिवंडीच्या संस्था माझ्याकडे.

त्या खोलीतली संस्था ताईची. ती भिवंडीजवळच्या पूर्णा गावची. सासरची शेतं आता गोदामांच्या खाली गेलेली, घर दोन मजली, दारात गाडी. ती घरी बसून राहिली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण तिची धाकटी जाऊ बाळंतपणानंतर गप्प झाली होती. घरच्यांनी तिला आधी भगताकडे फिरवलं आणि मग माहेरी धाडलं. ती परत आलीच नाही. ताई त्याबद्दल फार बोलायची नाही. “तवा मना काय कलत नव्हतं,” एवढंच म्हणायची.

खोलीच्या तिन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. खडखडाट असा की ‘शांतपणे ऐकायचं’ हे वाक्य मला ओरडून सांगावं लागायचं. म्हणून आम्ही वर्ग शुक्रवारी घ्यायला लागलो. त्या गल्लीतले लूम शुक्रवारी बंद असायचे. पहिल्या शुक्रवारी सगळं इतकं शांत झालं की बायका आपोआप कुजबुजत बोलायला लागल्या.

मी चांगला शिकवायचो. हे खोट्या नम्रतेनं लपवण्यात अर्थ नाही. भिंतीवर मी तक्ता लावला होता: झोप, भूक, उत्साह, माणसांत मिसळणं, यात काय बदललं ते पाहा. नाटुकलीसारखे प्रसंग करून घ्यायचो. मी आजारी माणूस व्हायचो आणि बायकांनी माझ्याशी बोलायचं. खांदे पाडून, नजर जमिनीला लावून मी असा काही बसायचो की एकदा त्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या वस्तीतल्या विहारात जयंतीच्या कार्यक्रमात माझं भाषण ठेवायचे. “ताप आला तर आपण लपवतो का? मग मनाचा आजार का लपवायचा?” हे मी माइकवर म्हणायचो आणि पुढच्या रांगेत बसलेली माझी आई आजूबाजूच्या बायकांकडे बघायची.

मग मी आजारी पडलो.

सुरुवात नेमकी कशी झाली ते सांगता येत नाही. कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. आधी आंघोळीचा कंटाळा यायला लागला. मग फोन उचलायचा. एखादं वाक्य बोलता बोलता मध्येच वाटायचं, हे पूर्ण करून काय होणार आहे? पहाटे जाग यायची ती छातीवर कुणी ओल्या कापडाचा तागा ठेवल्यासारखी. मी स्वतःला सांगायचो, दमलो आहे. लोकांचं ऐकून ऐकून माणूस दमतोच. याला आमच्या धंद्यात शब्दही आहे, आणि तो शब्द बराच प्रतिष्ठेचा आहे. दमणं मला चालत होतं. आजार नको होता.

एका शुक्रवारी शेअर रिक्षानं नाक्यावर आलो. बाकीचे उतरले. मी बसून राहिलो.

“भाई, नाका आ गया,” रिक्षावाला म्हणाला.

नाका आलाय हे मला दिसत होतं. समोर चहाची टपरी होती, टेम्पो अडकून हॉर्न मारत होता, ओळखीचा दुकानदार मला हात करत होता. पण उतरायचं म्हणजे आधी कुठला पाय टाकायचा हेच ठरेना. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. “तबीयत ठीक है?”

“वापस ले लो,” मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर ताईला फोन केला आणि सांगितलं की ऑफिसात अचानक मीटिंग निघाली. ती म्हणाली, “बरं, सर.” त्यानंतर मीटिंगा वरचेवर निघायला लागल्या.

माझी बायको महापालिकेच्या शाळेत शिकवते. आईसमोर ती मला अहो-जाहो करते, एकटे असलो की अरे-तुरे. एका रविवारी ती गच्चीत कपडे वाळत घालत होती आणि मी बादलीशेजारी बसलो होतो. ती म्हणाली, “तो तक्ता तूच बनवला होतास ना? झोप, भूक, उत्साह. आपल्या हॉलमध्ये बसून रंगवत होतास. त्यातलं काय उरलंय तुझ्यात?”

“मला शिकवू नकोस.”

“शिकवत नाहीये. विचारतेय.”

मी उठून खाली गेलो. तिनं उरलेले कपडे वाळत घातले, मग खाली आली आणि म्हणाली, “डॉक्टर तू सांग. कुठे जायचं ते तुला जास्त माहीत.”

मला माहीत होतंच, आणि तीच अडचण होती. भिवंडीतल्या प्रत्येक दवाखान्यात मी लोकांना घेऊन गेलो होतो. काउंटरवरच्या मुली मला ‘सर’ म्हणायच्या. त्यांच्यासमोर बाकड्यावर बसायचं, ही कल्पनाच सहन होईना. ठाण्यात ऑफिसची माणसं. कल्याणला सासुरवाडी. शेवटी मला आठवलं की पडघ्याला हायवेच्या कडेला एका जनरल दवाखान्यात दर शनिवारी एक मानसोपचाराचे डॉक्टर येतात. पडघ्यात मला ओळखणारं कुणी नव्हतं. ट्रकवाले, भाजी घेऊन आलेले शेतकरी, गोदामांतली पोरं. मी बायकोला म्हणालो, “तिथे जाऊ. इथे ओळखीचं कोणी ना कोणी बघेल.”

मी हे म्हणतोय, हे तिला विचित्र वाटलं असणार. पण तिनं बाइकची किल्ली घेतली.

डॉक्टर माझ्याहून तरुण होते. त्यांनी मला तेच प्रश्न विचारले जे मी बायकांना विचारायला शिकवायचो, आणि मी प्रत्येक उत्तर जरा कमी करून दिलं. ‘कधी कधी’, ‘थोडंसं’, ‘तसं काही नाही’. बायकोनं शेजारून प्रत्येक उत्तर दुरुस्त केलं. गोळ्या सुरू झाल्या. आईला सांगितलं, पित्ताच्या आहेत. आईनं शेजारीपाजारी बातमी दिली की लोकांच्या कामाच्या दगदगीनं माझ्या लेकाला पित्त झालंय, आणि रोज सकाळी भिजवलेल्या मनुका माझ्यासमोर ठेवायला लागली. मी त्या खायचो.

तिसऱ्या खेपेला आम्ही पडघ्याला गेलो तेव्हा बाकडं भरलं होतं. बायको म्हणाली, नंबर यायला वेळ आहे, मी समोरून भाजी घेऊन येते. ती रस्ता ओलांडून गेली आणि दारातून ताई आत आली.

तिच्यामागे एक माणूस होता. तिशीतला, अंगात इस्त्री केलेला शर्ट, पण गुंड्या एक घर खालीवर लागलेल्या. मी त्याला पाहिलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल ऐकलं होतं. त्याची बायको ताईच्या शिवणवर्गात यायची. उत्तरेकडून लहानपणीच आलेला हा माणूस लूमवर वाढला होता. गेले काही महिने धागा तुटलेला समोर दिसत असूनही तो लूम थांबवायचा नाही. नुसता बघत उभा राहायचा, आणि कापड खराब होत जायचं. शेवटी मालकानं त्याला घरी बसवलं. त्याच्याशी कसं बोलायचं हे ताईनं मला फोनवर विचारलं होतं, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या तिला व्यवस्थित सांगितलं होतं.

“अरे सर! तुमी हितं?” ताईचा आवाज लूमला सरावलेला, अख्ख्या दवाखान्यानं वळून पाहिलं. “बरं झालं. ह्यो भिवंडीच्या दवाखान्यात यायला तयारच न्हाय. बोलतो, कारखान्यातला कोन ना कोन बघल. म्हनून हितं आनला.”

मी बायकोला दिलेलं कारण तिनं जवळजवळ त्याच शब्दांत माझ्यासमोर ठेवलं होतं.

ताईनं माझ्या गप्प बसण्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. त्या माणसाकडे वळून ती म्हणाली, “ये हमारे सर है. हमको येई काम सिखाते है. डागदर को भेटने आये है, मीटिंग के वास्ते.”

त्या माणसानं मला नमस्कार केला. मी मान हलवली. मीटिंगसाठी आलोय, असं मी म्हणालो नाही; पण नाही, असंही म्हणालो नाही. मला वाटलं, थोडा वेळ गेला की मी फोन आल्यासारखं करून बाहेर जाईन, बायकोला गाठीन आणि घरी परतू. मी खिशात हातही घातला.

तेवढ्यात कंपाउंडरनं माझं नाव पुकारलं. आडनावासकट.

मी उठलो नाही. का, ते माहीत नाही. कदाचित या नावाचा दुसरा कुणी असेल, अशी मूर्ख आशा मला वाटली असेल. कंपाउंडरनं पडद्यातून डोकं बाहेर काढलं आणि अधिक मोठ्यानं म्हणाला, “भिवंडीवाले! गोळ्या चालू असलेले!”

मग मी उठलो. बाकड्यापासून पडद्यापर्यंत अंतर फार नव्हतं, पण ते मी कसं कापलं हे मला आजही आठवत नाही. कान तापले होते एवढं आठवतं. आत डॉक्टर काय म्हणाले तेही नीट ऐकलं नाही. झोप सुधारली का, असं विचारलं असावं. मी हो म्हणालो असेन. सगळं लक्ष पडद्याच्या पलीकडे होतं. ताई काय करत असेल? तोंडावर हात ठेवून बसली असेल? कुणाला फोन लावला असेल?

बाहेर आलो तेव्हा ताई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्या माणसानं पाहिलं.

“सर, आप भी खाते हो?” त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात काही टोचणारं नव्हतं. रांगेत उभ्या माणसाला विचारावं, तसं.

मला त्या क्षणी त्याचा राग आला. खोटं कशाला बोलू, त्याचा शर्ट, त्याच्या चुकलेल्या गुंड्या, त्याचं ते सरळ विचारणं, सगळ्याचा राग आला. मी आणि तो एका रांगेत नाही, हे त्याला कळत कसं नाही, असं वाटलं.

“हां,” मी म्हणालो.

“उससे कुछ होता है?”

वर्गात मी याचं उत्तर शिकवायचो. औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, प्रत्येकाला सारखा अनुभव येत नाही, वगैरे. त्यातलं काही आठवलं नाही. “मुंह सूखता है,” मी म्हणालो. “शुरू में लगा, छोड़ दूं. अब नींद आ रही है थोड़ी.”

तो म्हणाला, “मैं समझता था ये मशीनवालों को ही होता है. आवाज़ से.”

बायको मेथीच्या जुड्या घेऊन आत आली, तिनं ताईला पाहिलं, मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. ताई पटकन उठली. “वैनी, मेथी कवली हाय ना हितली? मी पन नेते जाताना,” असं म्हणून तिनं एक जुडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. दोघी मेथीबद्दल बोलत राहिल्या. मी बाइकपाशी जाऊन उभा राहिलो.

परत येताना बायको मागून काहीतरी सांगत होती, ट्रकांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी एकच हिशेब करत होतो. ताईला कळलं म्हणजे तिच्या बायकांना कळणार. तिच्या एका बाईची बहीण आमच्या वस्तीत राहते. म्हणजे विहारापर्यंत बातमी जायला वेळ लागणार नाही. आणि मग आई.

पुढच्या शुक्रवारी मी वर्गाला गेलो. न जाणं म्हणजे कबुली, असं मला वाटलं. खोलीत शिरल्या शिरल्या एका मावशीनं पंखा माझ्याकडे वळवला. दुसरीनं चहा आणला, आलं जरा जास्तच घातलेला. तिसरीनं माझ्या हातातली पिशवी घेतली. मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, खडू ठेवला आणि ताईला म्हणालो, “जरा बाहेर या.”

बंद लूमच्या दारात आम्ही उभे राहिलो. मी म्हणालो, “सगळ्यांना सांगितलंत?”

“काय?”

“तुम्हाला माहीत आहे काय. पडघ्याचं. मी काय शिकवलं होतं तुम्हाला? ऐकलेलं, पाहिलेलं बाहेर न्यायचं नाही. पहिला नियम. तोही तुम्हाला पाळता आला नाही?”

माझा आवाज चढला होता. ताईचा चेहरा पडला. मी तिला कधी अशी पाहिली नव्हती. पोलीस चौकीत भांडणारी बाई, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“न्हाय सांगितलं मी,” ती म्हणाली. “आईशप्पत न्हाय सांगितलं. घरी मालकाला पन न्हाय.”

“मग हा पंखा? चहा?”

ती काही बोलण्याआधी आतून पंखा वळवणारी मावशी दारात आली. आमचं सगळं बोलणं आत ऐकू जात होतं. लूम बंद असले की त्या गल्लीत काहीच लपत नाही.

“सर,” ती म्हणाली, “ताईनं काही नाही सांगितलं. तुम्ही किती दिवसांपासून तसेच दिसताय. दाढी केलेली नाही, डबा परत नेताय, बोलता बोलता थांबताय. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

“मग विचारलं का नाही कुणी?” मी म्हणालो.

मावशी खाली बघायला लागली. “तुम्हाला कसं विचारायचं?” ती म्हणाली. “तुम्ही सर ना.”

मला वाटतं त्या दिवशीची लाज पडघ्याच्या लाजेपेक्षा मोठी होती. पडघ्यात माझं झाकलेलं उघडं पडलं होतं. इथं कळलं की झाकलेलं काही नव्हतंच. त्या खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघून गप्प राहिल्या होत्या, आणि गप्प राहायचं त्यांना मी शिकवलं होतं. तोंडानं नाही. फळ्यापाशी उभा राहून, इस्त्रीचे कपडे घालून, ‘क्षमता बांधणी’वर हसलं की ओठ घट्ट मिटून.

आत गेलो. एक तरुण मुलगी, वर्गात सगळ्यात धीट, माझ्यासमोर सतरंजीवर बसली आणि तक्त्याकडे बघून म्हणाली, “सर, गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा उदास, निराश...” ती अगदी पाठ केल्यासारखं म्हणत होती, आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता तक्त्याकडे बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “असं नाही विचारायचं. आधी माणसाकडे बघायचं.”

तिनं बघितलं. ताई म्हणाली, “ऱ्हाऊ दे आज. चहा प्या.” त्या शुक्रवारी वर्ग झाला नाही. आम्ही नुसते बसलो. ताईची माफी मागायची होती. ती मी चहाचा कप परत देताना मागितली, अर्धी, तोंडातल्या तोंडात. ती म्हणाली, “जाऊ दे, सर.” पण जरा अंतर ठेवूनच म्हणाली.

ऑफिसला मी स्वतःच सांगितलं. आमचं ऑफिस याच कामाचं, त्यामुळे सगळे फार समजूतदारपणे वागले. वरिष्ठ म्हणाले, आराम करा, काही घाई नाही. माझ्या जागी एक नवीन मॅडम भिवंडीला जायला लागल्या. मी घरी बसलो. गोळ्या हळूहळू लागू पडत होत्या. आंघोळीचं कुणाला सांगावं लागायचं नाही, जेवताना चव कळायची. पण ताईच्या संस्थेचं किती चांगलं चाललंय, हे कळलं की मला बरं वाटायचं नाही. मॅडमनी गोष्टी सोप्या करून सांगितल्या होत्या. मग मॅडमही महिन्यातून एकदाच यायला लागल्या, कारण बायका आता आपल्या आपण शुक्रवारची बैठक घेत होत्या. आजारी माणसं यायची, त्यांच्या घरचे यायचे. ज्यासाठी मला पगार मिळायचा ते हेच होतं. संस्थेला आपली गरज उरू नये, हे मी कितीदा सांगितलं असेल. आणि मी घरात बसून त्यांचं काहीतरी बिनसावं याची वाट बघत होतो. हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

तो लूमवरचा माणूस मध्ये गोळ्या सोडून गावी निघून गेला. ते कळलं तेव्हा मला, सांगायला नको असं, थोडं बरं वाटलं होतं. मग तो परत आला. ताई त्याच्या बायकोशी फोनवर बोलत राहिली होती. आता तो पूर्ण्याला एका गोदामात ड्युटी करतो. लूमकडे परत गेला नाही.

काही महिन्यांनी ताई घरी आली. आईसमोर बसून तिनं पित्तावरच्या मनुकांचं कौतुक केलं, चहा घेतला, आणि मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेलो तेव्हा म्हणाली, “पूर्ण्याला गावच्या सभागृहात कार्यक्रम ठेवलाय. लोकांना सांगायचाय ह्या आजाराचं. तुमी बोलाल का, सर?”

“मॅडम आहेत ना माहिती सांगायला.”

“म्हायती न्हाय. तुमचं.”

विहारातला माइक माझ्या डोळ्यांसमोर आला. “नाही,” मी म्हणालो. “मला नाही जमणार, ताई. ओळखीचे लोक येतील.”

मला वाटलं ती आग्रह करेल. तिनं केला नाही. रिक्षात बसताना म्हणाली, “बरं. मग पानी तरी वाटायला या. मानसं कमी हायत.”

म्हणून मी पाणी वाटायला गेलो. सभागृहात बऱ्यापैकी लोक जमले होते. गोदामाच्या शिफ्टवरून आलेली पोरं मागे उभी, पुढे सतरंजीवर बायका. मी ट्रेमध्ये स्टीलचे ग्लास घेऊन फिरत होतो. ताई बोलली, तिच्या जावेबद्दल बोलली, पहिल्यांदाच लोकांसमोर, आणि पुढच्या रांगेतल्या तिच्या सासरच्या दोन बायका उठून गेल्या. ताई थांबली, त्या गेल्यावर पुन्हा बोलायला लागली. मग तो लूमवरचा माणूस उठला. हिंदीत जेमतेम चार वाक्यं बोलला. मैं बीमार था, किसी को बताया नहीं, फिर पडघा गया, अब ठीक हूं. बोलताना त्याची नजर एकदा माझ्यावर आली आणि तशीच पुढे गेली. त्यानं माझं नाव घेतलं नाही. मी ट्रे घेऊन मागे उभ्या पोरांकडे वळलो.

कार्यक्रम संपल्यावर मी ग्लास गोळा करत होतो. एक म्हातारीशी बाई हातातला ग्लास न देता तिथेच उभी राहिली. मी संस्थेचा माणूस आहे एवढंच तिला कळलं असावं.

“दादा, माजा पोरगा बीकॉम झालाय,” ती म्हणाली. “खोलीतून भायेर येत न्हाय. बोलतो, तितं येडे जातात. तुमच्यावानी शिकलेली मानसं जातात का तितं?”

“जातात,” मी म्हणालो.

ती हलली नाही. “कोन गेलेला बगितलाय तुमी?”

मी आजूबाजूला पाहिलं. हे मला सांगायलाच हवं, की आधी मी आजूबाजूला पाहिलं. ताई दाराशी कुणाशी तरी बोलत होती, पोरं सतरंज्या गुंडाळत होती. ओळखीचं कुणी जवळ नव्हतं.

“मी जातो,” मी हळूच म्हणालो. “पडघ्याला. शनिवारी.”

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. “तुमी?”

“हो.”

“येत्या शनवारी असाल का?”

“असेन. सकाळी.”

“मग सांगते त्याला, एक शिकलेले सर पन येतात तितं.”

“सांगा,” मी म्हणालो, आणि लगेच पुढे म्हणालो, “पण माझं नाव नका सांगू.”

“मना कुठं ठावं हाय तुमचं नाव?” ती म्हणाली, आणि रिकामा ग्लास माझ्या हातात देऊन चपला शोधायला गेली.